खुलासा : वजनाच्या दाबाने बर्फ वितळत नाही

औलीला स्कीइंग शिकायला निघालेल्या आमच्या पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं : ‘आपल्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की घसरते, म्हणून जड माणूस जोरात जातो.’ तो मेसेज आता कोथरूडपासून हडपसरपर्यंत फिरतोय. तो चुकीचा आहे आणि चूक माझी आहे.

शाळेत ऐकलेलं तसंच उतरवलं, गणित केलं नव्हतं. आता केलं. ७० किलोचा माणूस, दोन्ही स्कींचा तळ मिळून साधारण पाव चौरस मीटर. म्हणजे दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम ३ टक्के. हवेच्या दाबाइतका पूर्ण दाब वाढला तरी बर्फाचा वितळबिंदू ०.००७ अंशच उतरतो. उणे ५ अंशांच्या बर्फाला याचा पत्ताही लागणार नाही.

मग स्की घसरते कशी? बर्फाच्या पृष्ठावर शून्याखालीही पाण्यासारखा एक अतिपातळ, सैल थर असतो. त्यात घर्षणाच्या उष्णतेने पाण्याची भर पडते. थंडीत तळहात चोळले की गरम होतात, तसंच. बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये आल्प्समधल्या युंगफ्राउयोखच्या प्रयोगांतून घर्षणाचा हा वाटा दाखवला. फार कडाक्याच्या थंडीत पाणी सुटत नाही, तेव्हा बर्फ वाळूसारखा अडवतो.

आणि वजन? उताराची ओढ व घर्षण दोन्ही वजनाबरोबर वाढतात. हवेचा रोध मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून जड माणूस थोडा पुढे जातो.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.