आधी कामाचं नाव बदला

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलात ना? अभिनंदन. आता बाथरूमच्या टाइल्स बदलणार. मग सकाळी आठच्या आत मजूर नाक्यावर जा आणि नवरा-बायकोची जोडीच उचला. स्वस्त पडते.

बोलणी फक्त त्याच्याशी करा. तो मिस्त्री, ती बिगारी. सोसायटी लिफ्टमधून रेती नेऊ देत नाही, म्हणून डोक्यावर चुंबळ ठेवून ती सहा मजले घमेली चढवेल. फरशीचा उतार जाळीकडे नाही, हेही तीच आधी ओळखेल. पण ती तिची सवय झाली, कला मिस्त्रीकडे असते. संध्याकाळी दोघांची हजेरी त्याच्याच हातात ठेवा. तिला मोजायचा त्रास कशाला?

1976 पासून बाई-पुरुषांना समान मोबदला कायद्यात आहे, असं एखादा शहाणा सांगेल. घाबरू नका. कायदा तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम म्हणतो. आपण नाव बदललं की स्वरूप आपोआप बदलतं. लग्नात पोळ्या लाटणारा पुरुष 'महाराज', आपल्या ओट्याशी लाटणारी बाई 'मावशी'. महाराज अॅडव्हान्स घेतात. मावशी पडल्या घरच्या, आणि घरच्यांनी भरपगारी रजा मागितलेली शोभते का?

सरकारनंही उगाच घाई केलेली नाही. पोती उचलणाऱ्यांसाठी माथाडी कायदा आला 1969 साली, सुरक्षारक्षकांसाठी 1981 ला. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. तोवर मावशींची भांडी घासून व्हायची होती बहुतेक.

घरी बसून कानातल्यांना खडे चिकटवणारीला तर कामगार म्हणूच नका. तो 'फावला वेळ'. पाणी भरून, डबे करून, पोरं झोपवून रात्री अकराला सुरू होणारा. पैसे डझनावर द्या, एखादा खडा वाकडा बसला की अख्खा डझन परत. लाइटबिल तिचं, बोटांना चिकटलेला गमही तिचाच.

आणि हो, तुमच्या कामाच्या चौथ्या दिवशी मिस्त्री तापानं फणफणेल. ती एकटीच येईल, भिंतीच्या कोपऱ्यातल्या टाइल्स कापून बसवेल, जॉइंट भरेल, फडक्यानं पुसून देईल. लेव्हल लावून बघा, बुडबुडा बरोबर मधोमध असेल. तिला बिगारीचीच हजेरी द्या. मिस्त्री त्या दिवशी आलाच नव्हता ना!