‘जिंकता येत नाही ते कोच होतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पालक’ या नावाने लिहिणारे, नमस्कार.

कॅनडाचा फिगर स्केटर आणि कोच ब्रायन ओर्सर याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘ज्यांना जिंकता येत नाही ते कोच होतात. नाशिकला बर्फाची रिंक नाही, चांगले स्केट्स परवडत नाहीत, त्यावर लिहा. कॅनडाच्या माणसाच्या आरत्या कशाला?’

लेख लांबला, हे मान्य. पण पहिल्या वाक्यातली तुच्छता मी ऐकून घेणार नाही.

ओर्सरला जिंकता येत नव्हतं? 1987 चा जगज्जेता आहे तो! 1984 ला साराजेवोत, ऑलिंपिकमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सल (पुढे तोंड करून घेतलेली, हवेत साडेतीन गिरक्यांची उडी) यशस्वी करणारा पहिला स्केटर. तिथे शॉर्ट आणि फ्री, म्हणजे संगीतावरच्या छोट्या आणि मोठ्या, दोन्ही सादरीकरणांत तो पहिला होता. फिगर्समध्ये सातवा आला आणि सुवर्ण गेलं. फिगर्स म्हणजे एका पायावर बर्फात वर्तुळं कोरायची, त्याच रेषेवरून पुन्हा जायचं, मग परीक्षक वाकून ती रेषा तपासणार. (1990 नंतर मोठ्या स्पर्धांतून हा प्रकार बंदच झाला.) 1988 ला कॅल्गरीत, स्वतःच्या देशात, नऊ परीक्षकांपैकी पाच अमेरिकेच्या ब्रायन बॉइटानोच्या बाजूने गेले, चार ओर्सरच्या. हरला म्हणा हवं तर. ‘येत नाही’ म्हणू नका.

कोच म्हणून त्याच्या शिष्यांची ऑलिंपिक सुवर्णं: युना किम 2010, हान्यू 2014 आणि 2018. ती मुलं मुळातच असामान्य होती, हेही मान्य करते. तरी टोरांटोच्या क्लबात ट्रेसी विल्सनबरोबर तो साधं स्ट्रोकिंग (बर्फावर पाय ढकलत सरकणं) आणि एज (पात्याच्या कडेवर तोल धरणं) घोटून घेतो. ते कशासाठी, हे रेषांपायी सुवर्ण गमावलेल्याला कोणी सांगावं लागत नाही.

मी स्वतः चाकांवरची, म्हणजे रोलर स्केटिंगवाली. राज्य स्पर्धेत रौप्याच्या पुढे गेले नाही. आता गंगापूर रोडच्या एका सोसायटीतल्या कोब्यावर मुलांना शिकवते. अ‍ॅक्सल मारताना कोणती मुलगी खांदा आधी फिरवते ते मला लांबूनच दिसतं, कारण माझी तीच खोड मोडायला वर्षं गेली. तुमचं हेच वाक्य एका पालकांनी मला मुलांसमोर ऐकवलं होतं. तेव्हा मुलांकडे बघून गप्प बसले. इथे बसणार नाही.

राहिला रिंकचा आणि पैशांचा मुद्दा. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. एवढा महत्त्वाचा वाटतो तर तुम्ही लिहा की! आणि लिहाल तेव्हा नावानिशी लिहा, मी लिहिते तसं.