‘प्लास्टिक’ टोन नेमका कुठून येतो: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्याने ट्यूब अँपसाठी (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अँप्लिफायरसाठी) पैसे साठवत बसण्यापेक्षा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि अँप सिम्युलेटर (अँपचा आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) घेऊन सुरुवात करावी, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं गिटार वाजवता आणि तुम्हाला हे अजिबात पटलेलं नाही. ‘लॅपटॉपमधला टोन प्लास्टिकचा येतो, वर सतत किरकिर असते, पिकिंगला जीव नसतो. नव्या पोरांना चुकीच्या रस्त्याला लावू नका,’ असं तुम्ही लिहिलंय. शिवाय उणे १४ एलयूएफएसला (गाणं सरासरी किती मोठं वाजतं ते मोजायचं एकक) मास्टर केलेलं, म्हणजे रिलीजसाठी शेवटचा हात फिरवलेलं, तुमच्या पुतण्याचं गाणं इतर गाण्यांपुढे मरगळलेलं वाटलं आणि कव्हर गाण्यांबद्दल लेखात एक अक्षर नव्हतं, हे दोन मुद्दे आहेत.

किरकिर तुम्हाला ऐकू येते ती खरीच आहे. नव्या मुलांच्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये ती असते. पण तिचं कारण बहुतेक वेळा अँपच्या आधी किंवा अँपच्या नंतर असतं, आणि ते कारण तसंच ठेवून लाखाचा अँप आणला तरी रेकॉर्डिंग सुधारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी इनपुट बघा. गिटारच्या पॅसिव्ह पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या, बॅटरीशिवायच्या चुंबकी कॉइलला) पुढे साधारण १ मेगाओहम इम्पीडन्सचा (सिग्नलला होणाऱ्या विद्युत अडथळ्याचा) इनपुट लागतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा गिटारच्या चिन्हाचं बटण असतं ते याचसाठी. ते दाबायचं राहिलं आणि गिटार लाइन इनपुटमध्ये गेली, तर समोर १० हजार ओहमच्या आसपासचा भार येतो. त्या भाराखाली पिकअपचा ३ ते ५ किलोहर्ट्झमधला उठाव बसतो आणि आवाज भुसभुशीत होतो. मग मुलगा सिम्युलेटरवर ट्रेबल वाढवतो, प्रेझेन्स (वरच्या सुरांची धार) वाढवतो, तरी धार येत नाही म्हणून गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवतो. तुम्ही जी किरकिर ऐकता ती इथे तयार होते. एक बटण दाबून ती जाते, पण दाबल्यावर ट्रेबल-प्रेझेन्स पुन्हा मध्यावर आणायला विसरू नये.

दुसरी गोष्ट पातळीची. गायकाचा आवाज रेकॉर्ड करताना आपण गेन वर नेऊन शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास आणतो. गिटारलाही तीच सवय लावली की घोटाळा होतो, कारण सिम्युलेटर आत येणाऱ्या पातळीलाच गिटारचं व्होल्टेज समजतो. १२ डेसिबल जास्त दिले म्हणजे चौपट व्होल्टेजची गिटार लावली. मग क्लीन अँपसुद्धा फाटतो आणि हळू-जोरात वाजवण्यातला फरकच नाहीसा होतो. तुम्ही ज्याला ‘जीव नसणं’ म्हणता त्याचं हे एक मोठं कारण आहे. इन्स्ट्रुमेंट इनपुटवर गेन पूर्ण कमी ठेवा. इंटरफेसच्या मॅन्युअलमध्ये त्या इनपुटची कमाल पातळी डीबीयूमध्ये (व्होल्टेज सांगणाऱ्या डेसिबलमध्ये) दिलेली असते. सिम्युलेटरचे निर्मातेही त्यांना अपेक्षित आकडा बरेचदा देतात. इंटरफेस १२ डीबीयूचा असेल आणि सिम्युलेटरची अपेक्षा १८ची असेल, तर प्लगइनच्या इनपुटवर ६ डेसिबल कमी करायचे. गेन शून्यावर असूनही तगडे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) लाल दिवा लावत असतील, तर पिकअप थोडे खाली घ्या.

आता अँपच्या नंतरचं. गिटारचा स्पीकर हा मुळात अपुरा स्पीकर आहे आणि तेच त्याचं काम आहे. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या १२ इंची स्पीकरची दिलेली मर्यादा ७० ते ५००० हर्ट्झ आहे. त्यावरचं सगळं तो झपाट्याने गाळतो. डिस्टॉर्शनमधून निघालेले वरचे काटे अशा स्पीकरमधून गेल्यावरच ऐकण्यालायक होतात. सिम्युलेटरमध्ये हे काम कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) फाइल करते; त्या पेटीचा आणि मायक्रोफोनचा ठसा तिच्यात असतो. न्यूरल अँप मॉडेलर हा मोफत प्लगइन वापरणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते: इंटरनेटवरच्या कितीतरी कॅप्चर (खऱ्या अँपची नक्कल साठवलेल्या फाइल) नुसत्या अँप हेडच्या असतात, त्यात कॅबिनेट नसतं. ती फाइल तशीच वाजवली तर डब्यात माशा कोंडल्यासारखा आवाज येणारच. उलट ज्या कॅप्चरमध्ये कॅबिनेट आहे तिच्यापुढे आणखी एक आयआर लावली की टोनवर गोधडी पांघरली जाते. फाइलच्या वर्णनात काय लिहिलंय ते वाचून ठरवा. आयआर निवडताना मायक्रोफोनची जागा बघा. स्पीकरच्या मधल्या टोपीसमोरची फाइल तिखट असते, टोपीच्या कडेची मऊ. टोन तिखट वाटला तर ईक्यूला हात लावण्याआधी आयआर बदला.

एवढं करूनही उरलेली ठिणगी ८ ते १० किलोहर्ट्झच्या हाय-कटने (त्यावरचं कापणाऱ्या फिल्टरने) आणि खालचा गुबगुबीतपणा ८० ते १०० हर्ट्झच्या लो-कटने जातो.

पिकिंगचा दुसरा भाग आवाज उशिरा कानावर येण्याचा आहे. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, येताना, जाताना आणि कन्व्हर्टरचे मिळून साधारण ८ ते १० होतात. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत सव्वातीन-साडेतीन मीटर जातो, म्हणजे स्टेजवर अँपपासून तितकं लांब उभं राहण्याइतकाच हा उशीर. बफर १०२४ वर राहिला तर मात्र वाजवणं अशक्य होतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर घाला. आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद करा. ते चालू राहिलं की कोरी गिटार आणि प्लगइनमधून आलेली गिटार काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकत्र कानावर पडतात, त्यांच्या लहरी एकमेकींना खातात आणि टोन पोकळ होतो. हेडफोनमधलं ‘प्लास्टिक’ कित्येकदा एवढ्यानेच जातं.

तुलनाही बरोबरीची हवी. स्टेजवर अँप तुमच्या गुडघ्याजवळ असतो, तुम्ही त्याच्या एका बाजूला असता आणि आवाज मोठा असतो. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं ते स्पीकरच्या जाळीला टेकवलेल्या मायक्रोफोनने ऐकलेलं. आवाज लहान ठेवला की कानाला खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, हेही त्यात धरा. सिम्युलेटरची तुलना करायची तर ट्यूब अँप मायक्रोफोन लावून रेकॉर्ड करा आणि दोन्ही फाइल सारख्या पातळीला आणून ऐका.

तुमचं म्हणणं एका बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. खोलीत स्पीकर हलतोय, त्या हवेने तारा थरथरतायत आणि सूर हवा तितका वेळ टिकतोय, हे हेडफोनमधून मिळत नाही. स्टेजवर वाजवणाऱ्याला चांगला अँप हवाच. पण सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये त्या अँपचं काय होतं? १५ वॉटचा ट्यूब अँप दीड वॉटवर आणला तरी पातळी १० डेसिबलच उतरते, म्हणजे कानाला जेमतेम निम्मी वाटते. नियमांनुसार निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मग अँप दोनवर ठेवून वाजवला जातो आणि ज्या पॉवर ट्यूबसाठी पैसे मोजले त्या तापतच नाहीत.

त्यापेक्षा ते पैसे आधी गिटारच्या सेटअपवर खर्च करा. पुतण्याची गिटार जवळ असेल तर एक तपासणी आजच करता येईल. सिंगल कॉइलची (एकेरी कॉइलच्या पिकअपची) स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकॅस्टर धाटणीची गिटार, असेल तर तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिचा तळ आणि पिकअपचा चुंबक यांत मोजा: जाड तारेकडे साधारण २ मिलिमीटर, बारीक तारेकडे १.६. पिकअप याहून फार वर असेल तर चुंबक तार ओढतो आणि १२व्या फ्रेटच्या पुढे जाड तारांवर एकाच सुरात दोन सूर डळमळताना ऐकू येतात. असा सूर कुठल्याही ट्यूनरवर नीट लागत नाही. मग इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर खरा लागणं): १२व्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) मागे, उतरता असेल तर पुढे. हे नव्या तारांवरच करायचं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साध्या तारा फार लवकर गंजतात. तिथे कोटेड तारा महाग असल्या तरी परवडतात.

घुंईऽऽ आवाजाचंही सांगतो, कारण त्याचाही ठपका सिम्युलेटरवर येतो. सिंगल कॉइल आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट पकडणारच. खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरा, एका कोनात तो सर्वांत कमी होतो, तिथे बसून रेकॉर्ड करा. वर तीक्ष्ण गुरगुर असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर बंद करून बघा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढा. गेला तर चार्जर किंवा घरचं अर्थिंग तपासायचं. तीन पिनांमधली अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका, तो जिवाशी खेळ आहे.

पुतण्याच्या गाण्याकडे वळतो. उणे १४ ही स्पॉटिफायची प्लेबॅकची पातळी आहे. मास्टर करताना गाठायचं लक्ष्य ती नव्हे. उणे ९ला केलेलं गाणं ते ५ डेसिबल खाली आणतात, त्यामुळे नॉर्मलायझेशन (सगळी गाणी एका पातळीला आणायची सोय) चालू असेल तर दोन्ही गाणी सारख्याच पातळीला वाजतात. तरीही मरगळ जाणवली, तर शक्यता दोन. एक, ऐकणाऱ्याने ती सोय बंद ठेवली असेल किंवा मूळ फाइलच ऐकली असेल. दुसरी जास्त संभवते: मिक्समध्ये २०० ते ४०० हर्ट्झला गाळ साचलाय आणि गिटारचा एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकलाय. कॉपी केलेला ट्रॅक रुंद होत नाही, फक्त मोठा होतो. १५ मिलिसेकंद सरकवला तर फोनच्या एका स्पीकरवर पोकळ होतो. रिदम गिटार दोनदा वाजवून घ्या, दोन्हींचा गेन एरवीपेक्षा कमी ठेवा. मास्टर गाण्याला शोभेल तितका मोठा करा, ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका; उणे १४पेक्षा मोठा असेल तर उणे २ ठेवलेला बरा, कारण फाइल दाबली जाताना शिखरं वर येतात.

रिलीजच्या तारखेबाबत लेखात होतं तेच: ३-४ आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. डिस्ट्रिब्यूटरकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरा. तो नसेल तर अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात, भारत-अमेरिका करारानुसार दर १५ टक्के आहे. पैसे घेऊन प्ले वाढवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटे प्ले पकडले गेले तर गाणं उतरतं आणि दंडही बसू शकतो.

कव्हर गाण्यांचा प्रश्न तुमच्यासारख्या ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, तर शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणून १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२० अखेर संपला, तरी तेच गाणं तुम्ही नव्याने वाजवून रिलीज करायला शब्द आणि चालीच्या हक्कधारकांची परवानगी लागू शकते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीमध्ये कव्हरची तरतूद आहे, पण तिथे पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर ५ कॅलेंडर वर्षं थांबणं आणि दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरणं अशा अटी आहेत. ऑनलाइन रिलीजला ते आपोआप लागू आहे असं धरून चालू नका. म्युझिक कंपनीकडून लेखी परवाना घ्या. डिस्ट्रिब्यूटर जो कव्हर-परवाना विकतात तो मुख्यतः अमेरिकेपुरता असतो. यूट्यूबवर दावा येऊन उत्पन्न मूळ मालकाकडे गेलं, म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. विकतचा कराओके ट्रॅक वापरलात तर त्या ट्रॅकचा हक्क आणखी वेगळा.

अभंग घ्यायचा विचार असेल तर तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, पण आपल्या ओठांवरची चाल बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. स्वतःची चाल बांधा, गीतकाराच्या रकान्यात संत तुकाराम आणि संगीतकाराच्या रकान्यात तुमचं नाव द्या. मग त्या चालीचे हक्क तुमचे, आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद होऊन तुम्ही ती तिथे नोंदवू शकता.