जाहीर निषेध!

परवा एका मित्राने सहलीचे फोटो टाकले. खाली पहिलीच कमेंट: "न सांगता गेलात? जाहीर निषेध!" जरा खाली सरकलो तर एका मारहाणीची पोस्ट, आणि तिथेही तेच दोन शब्द. दोन्हीकडे मी सवयीने अंगठा दाबला आणि मग चपापलो.

खरं तर हा शब्द मुळात संतापाचा नाहीच. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या, भाषेत 'हे कर' तो विधी, 'हे करू नको' तो निषेध. हिंदीत आजही 'प्रवेश निषेध' अशी पाटी दिसते; मराठी माणूस क्षणभर घोटाळतो, प्रवेशाने असं काय पाप केलं? तिकडे धिक्काराचं काम 'कडी निंदा' करते. तिचं आपल्याकडे 'तीव्र निंदा' करणाऱ्यांना हात जोडून विनंती, मराठीत निंदा पाठीमागे करतात, नालस्तीच्या जोडीने.

जुना अर्थ आपल्याकडे एका जागी मात्र तग धरून आहे: 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही.' माणसाबद्दल याहून वाईट काही बोलता येईल असं मला वाटत नाही. शिवी नाही, आवाज चढलेला नाही, पण माणूस संपला. कारण हा निषेध स्वतःचा स्वतःला असतो: काही झालं तरी एवढं मी करणार नाही. दुसऱ्याच्या निषेधाला अशी अट नसते. विधिनिषेध गुंडाळून ठेवलेलेच सगळ्यात आधी निषेधाचं पत्रक काढतात (पक्ष कुठलाही घ्या).

धिक्काराला समोर माणूस लागतो. 'तुझा धिक्कार असो!' निषेध मात्र 'झाल्या प्रकाराचा' करता येतो. जणू प्रकार आपला आपण झाला, करणारा कुणी नव्हताच! पत्रकवाल्यांना ही सोय फार आवडते.

तरी निषेधाला सरसकट पोकळ म्हणायला मी तयार नाही. ज्याच्या हातात दुसरं काहीच नाही, त्याने साहेबासमोर काळी फीत लावून कामाला उभं राहायचं, याला छाती लागते.

असो. सहलीवरचा अंगठा मी राहू दिला. मारहाणीच्या पोस्टवर परत गेलो आणि लिहिलं, 'मारणाऱ्यांचा निषेध.' पाच मिनिटांत खाली प्रश्न आला: "म्हणजे तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"