टायपिस्ट म्हणालात, म्हणून हे उत्तर

काका,

पेशंट तपासताना कॉम्प्युटर कसा वापरायचा हे मी ट्रेनी डॉक्टरांना शिकवतो, त्यावर ‘इंग्लंडातल्या ट्रेनी डॉक्टरांना तुम्ही डॉक्टरकी शिकवता की टायपिस्ट घडवता? आमचे डॉक्टर नुसता चेहरा बघून आजार ओळखायचे,’ असं तुम्ही लिहिलंत. पुढे एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रांगा, खर्च, गोपनीयता असं बरंच काही आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

टीका करा हो, कोण नाही म्हणतंय? पण हेटाळणी कशाला? माझ्या आईने साताऱ्यात टायपिंगचे क्लास घेऊन आम्हाला शिकवलं, तेव्हा हे जरा लागलं. असो. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमधला बराच वेळ कीबोर्ड खातो, एवढं मान्य.

आता चेहऱ्याचं. ट्रेनी पेशंट तपासतो, त्याचा व्हिडिओ आम्ही पेशंटच्या लेखी परवानगीने घेतो आणि नंतर दोघं बसून बघतो. मध्यंतरी अशाच एका व्हिडिओत पेशंट उठता उठता म्हणाला, “अजून एक होतं... जाऊ दे.” ट्रेनी तेव्हा कॉम्प्युटरवर ब्लडप्रेशरच्या नोंदीचा कोड शोधत होती. मी व्हिडिओ थांबवून विचारलं, काय जाऊ दे? तिला ते ऐकूच आलं नव्हतं. पेशंट बोलायला लागला की कीबोर्डवरून हात काढायचा, स्क्रीन त्यालाही दिसेल अशी फिरवायची, हे मी शिकवतो. याला तुम्ही टायपिंग म्हणता!

आणि चेहरा बघून काय काय कळतं? हा माणूस कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेतोय, त्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. ते स्क्रीन सांगते. सूचना इतक्या येतात की पोरं न वाचता क्लिक करत सुटतात. कुठे थांबायचं तेही शिकवावंच लागतं.

लाडक्या, जुन्या वळणाच्या फॅमिली डॉक्टरचंच म्हणाल, तर इंग्लंडातल्या हाइड गावचा डॉक्टर हॅरल्ड शिपमनही लाडकाच होता. पेशंट मारून त्याने त्यांच्या आजाराच्या मागच्या तारखांच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये घातल्या. कॉम्प्युटरने नोंद केल्याची खरी वेळ टिपून ठेवली होती, ती कोर्टात उभी राहिली. २००० साली १५ खुनांबद्दल जन्मठेप झाली. तुमच्या डॉक्टरांना मी त्याच्या रांगेत बसवत नाहीये, लगेच पुढची प्रतिक्रिया लिहायला घेऊ नका.

कागदाचे गोडवे तर मला सांगूच नका. पुण्यात इंटर्नशिप करताना पेशंट सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन यायचे. पिशवी एसटीत राहिली, की कोणती गोळी किती वर्षं चालू आहे इथपासून सुरुवात. “पांढरी, छोटी,” एवढंच उत्तर मिळायचं.

गोपनीयतेचा मुद्दा खरा आहे. तुम्ही तो एका ओळीत टाकलात, मीही तिथेच सोडतो.