बास, नट आणि पाव मिलिमीटर

मी बास वाजवतो. हे वाक्य मराठीत बोललं की समोरचा बुचकळ्यात पडतो, कारण मी वाजवतोय की बंद करतोय हेच त्याला कळत नाही. गिटारसारखंच असतं, फक्त तारा चार आणि जाड, असं समजावलं तर आमच्या मातोश्रींनी विचारलं होतं, "मग उरलेल्या दोन कधी आणणार?" त्याला आता बारा वर्षं झाली, प्रश्न अजून मिटलेला नाही.

तर जुलै महिना, पुणं, आठ दिवस उन्हाचा पत्ता नाही, टॉवेल वाळेनात, मिठाला पाणी सुटलेलं, आणि सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम तोंडावर आला म्हणून कपाटावरून बास खाली काढला तर नेक, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लांब दांडी, वाकलेली. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपाशी, तार एवढी वर की खालून झुरळ मान ताठ ठेवून गेलं असतं.

आता ह्यात नेकचा तरी काय दोष. चार तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ऐंशी किलोचा ताण येतो, म्हणजे आमचा मेव्हणा तिथं चोवीस तास लोंबकळतोय असं समजा, आणि त्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं. हे सगळं तोलून धरायला नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू नावाच्या गृहस्थांना १९२३ मध्ये ह्याचं पेटंट मिळालं, देव त्यांचं भलं करो. सळईच्या टोकाला नट असतो, तो आवळला की नेक मागे येऊन सरळ होते, सैल सोडला की तारा तिला पुढे ओढतात. गंमत म्हणजे ह्या वाद्याला नट दोन असतात. एक नेकच्या तोंडाशी, ज्याच्या खाचांतून तारा जातात, तो कायम प्रकाशात, फोटोत पण येतो. दुसरा हा, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, भोकात आत अंधारात बसलेला, ज्याच्या जिवावर सगळं नाटक चाललेलं असतं आणि ज्याला वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. अशा नटाशी कसं वागायचं ह्याचं भान ठेवायला हवं होतं.

काम तसं चिल्लर. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण पाव मिलिमीटर फट राहील असं करायचं, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. माझ्याकडे तिथून दोन कार्डं आणि घडी घातलेलं लाइटबिल आरामात जात होतं. म्हणून नटाच्या षटकोनी भोकात घालून फिरवायची ॲलन की शोधली. बासबरोबर आलेली ओरिजिनल अर्थातच हरवलेली. सायकलच्या सेटमधली पाचची की आत जाईना, चारची जाऊन गोल गोल फिरायला लागली, आणि मग सेटच्या कोपऱ्यात मला साडेचारची दिसली. ती बसली. थोडी खडखडत होती, टोकाला तो गोळा होता ज्यामुळे की तिरकी धरूनही फिरवता येते, पण बसली, आणि माझ्या तोंडून ते ऐतिहासिक वाक्य गेलं, "चालतंय की."

नट इंचातला होता हो. ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ सालचा, पण टीव्ही इंचात, गणपतीची मूर्ती फुटात, आणि माझा नट सोळांशात. पाव मिलिमीटरची फट मला तारेखाली पाहिजे होती, ती किल्लीच्या भोवती मिळाली.

पाव फेरा मारला, घट्ट लागलं. अजून जरासा. मग "कट्ट" असा आवाज आला, फार मोठा नाही, बोटं मोडल्यासारखा, आणि की एकदम हलकी झाली. बाहेर काढून बघितलं तर टोकाला चमचमणारा बारीक भुसा, जसा पेन्सिलच्या शार्पनरमधून निघतो तसा, पण लोखंडाचा. मोबाइलचा टॉर्च मारून भोकात डोकावलो तर षटकोनाचे सहाही कोपरे गुळगुळीत, आत एक छान गोल वाटी.

त्यानंतरचे चार दिवस सल्ल्यांचे. ड्रमर म्हणाला फेविक्विक टाकून की चिकटव, ती चिकटवली, तासाभराने फिरवली तर की सुटून हातात आली, आणि हा सल्ला कोणी ऐकू नका कारण गोंद आट्यांत उतरला तर सळईच कायमची जाम. गिटारच्या दुकानातल्या माणसाने टॉर्च मारायचीही तसदी न घेता नवीन नेकचा भाव सांगितला, बास मी घेतला होता त्यापेक्षा सातशेने जास्त. सोसायटीतले रिटायर्ड इंजिनिअर काका म्हणाले, "मुळात तू हात का लावलास?" हे बरोबरच होतं पण उपयोगाचं नव्हतं.

शेवटी नाना पेठेत गेलो. बाइकचा पार्ट मिळाला नाही असं तिथं होत नाही, तर म्हणलं नटाचंही बघतील. रिक्षातून बास उतरवताना एकाने विचारलं सतार आहे का, मी हो म्हणलं, कोण समजावत बसणार. गॅरेजवाल्या चाचांनी भोकात एकदा बघितलं आणि पोऱ्याला हाक मारली, "स्टार की आण, तीस नंबर." आता ह्यात खरी अक्कल आहे बघा. टी-३० ची टोकापासून टोकापर्यंत जाडी साडेपाच मिलिमीटर, आणि ३/१६ च्या षटकोनाचे समोरासमोरचे कोपरेही साडेपाचवरच, म्हणजे ते झिजले की ही चांदणी ठोकल्यावर गच्च रुतते. तारा काढल्या, ॲक्टिव्हाच्या सीटवर गोधडी टाकून नेक तिच्यावर टेकवली, बॉडी मी धरली, पोऱ्याने हेडस्टॉक हलकेच खाली दाबला, म्हणजे नटावरचा भार उतरतो. चाचांनी हातोडी उचलली. मी डोळे मिटले. तीन टोले पडले, आमच्या लग्नात अक्षता पडताना एवढी धाकधूक नव्हती झाली. मग चाचांनी टी-हँडल उलटं फिरवलं, एक कुरकुर, आणि नट सुटला, सुटला तो पार बाहेरच आला.

माझ्या बासची सळई साधी, एकेरी, म्हणून तो निघाला. दुहेरी रॉडमध्ये नट बहुतेक वेल्ड केलेला असतो, तिथं मी आणि मेव्हणा दोघंही लटकलो असतो.

चाचांनी डब्यातून पाच मिलिमीटरचा नट काढून सळईवर चढवला, चढला की हो! थोडा खडखडत होता. चाचा खुशीत म्हणाले, "बसतंय की." मला घाम फुटला. हे वाक्य मी ओळखतो.

म्हणून भवानी पेठेतल्या लेथवाल्या काकांकडे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून सळईच्या आट्यांना गेज लावलं आणि म्हणाले, "इंची आहे हे, इंचाला बत्तीस आटे. पाच एमएमचा जवळपास तसाच, पण ताण आला की आटे खाऊन टाकेल. कोणी बसवला होता?" मी म्हणलं, माहीत नाही. षटकोनी भोक लेथवर पाडत बसण्यापेक्षा त्यांनी पितळेचा गोल नट काढला, आत बरोबर टॅप मारला आणि विचारलं, "घरी कुठला स्क्रूड्रायव्हर आहे?" मी दुसऱ्या दिवशी आमच्या घरातला एकमेव, मूठ तडकलेला स्क्रूड्रायव्हर नेला आणि त्यांनी त्याच्या मापाने डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच कापून दिली. दीडशे रुपये. जुन्या फेंडरच्या नटांनाही अशीच खाच असायची, हे मी घरी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

नट बसवला, पाव फेरा, थांबलो, अजून पाव. सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड अडकत अडकत सरकलं. लाइटबिल गेलं नाही. मग स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळून बासच्या पिशवीत घातला, चेन लावली.

सकाळी स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे तो आपला स्क्रूड्रायव्हर कुठंय? कुकरचं हँडल ढिलं झालंय."

मी म्हणलं, सायकलच्या सेटमधलं काही चालतंय का बघ.