बहिणीचं नाव सातबाऱ्यावर कोणत्या रकान्यात आहे, ते बघा

बाप गेला की तेराव्यानंतर वारसाचा फेर (फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावायची नोंद) टाकायचा विषय निघतो. मृत्यूचा दाखला, आठ-अ (खात्याचा उतारा), वारसांचं प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडं जातं, आणि लेकीचा हक्क पहिल्यांदा तिथंच मारला जातो. वंशावळीत तिचं नावच नसतं. नाहीतर भाऊ भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, आणि ती नुसती ‘इतर हक्का’च्या रकान्यात. मग अतिवृष्टीचं अनुदान, पीककर्ज, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा, सगळं भावांच्या नावानं निघतं.

फेर मंजूर होण्याआधी नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. ती जाते माहेरच्या पत्त्यावर, लेक नांदते दुसऱ्या तालुक्यात. म्हणून अर्जात सासरचा पत्ता घालायला लावा. नोंद चुकीची झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं 60 दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला तरी घाबरू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्यानं मालकी ठरत नाही.

सहा एकर रान, मागं आई, दोन भाऊ, दोन बहिणी, मृत्युपत्र नाही. वाटे पाच, प्रत्येकाला एक एकर आठ गुंठे. आईलाही तेवढंच, हे तर कुणी बोलतच नाही! बौद्ध, जैन, लिंगायत घरांनाही हाच हिंदू वारसा कायदा. ‘लग्नात हुंडा दिला की’ म्हणतात. जो हुंडा 1961 पासून गुन्हा आहे, त्याला जमिनीचा वाटा कसं म्हणायचं?

2005 ला कायदा बदलून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकासारखा हक्क मिळाला, पण ‘बाप 2005 च्या आधीच वारला’ हेही आता चालत नाही. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क जन्मानंच येतो. 20 डिसेंबर 2004 च्या आधीची नोंदणीकृत किंवा कोर्टातून झालेली वाटणी तेवढी टिकते. नुसत्या तोंडी वाटणीवर भागत नाही.

खरा घात हक्कसोडपत्रात, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदात आहे. पंचमीला लेक माहेरी येते, साडीचोळी होते, दुसऱ्या दिवशी ‘ताई, जरा तालुक्याला जाऊन येऊ’. दुय्यम निबंधकाकडं फोटो, अंगठा, दहा मिनिटांत काम. कागदावर लिहिलेलं असतं, ‘राजीखुशीने, विनामोबदला’. माहेर तुटेल या धाकानं दिलेल्या सहीला मी राजीखुशी म्हणणार नाही. नोंदणी झालेलं पत्र तलाठी रद्द करू शकत नाही. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. नुसत्या बाँडवर, नोंदणीशिवाय केलेल्या सहीनं मात्र हक्क सुटत नाही.

वकिलाच्या फीसाठी अडून बसू नका. उत्पन्न कितीही असो, बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. सोबत सातबारा आणि फेरफाराची नक्कल न्या, आणि सही करून बसला असाल तर त्या पत्राचीही.